गाळातली आई

आई थंडीत गेली. बाबा रडले नाहीत. पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली, पण घरात तेव्हाही फारसं बोलत नव्हते. उन्हाळा लागला तसे ते रोज सकाळी शिरड शहापूरहून बसने कुठंतरी जायला लागले. विचारलं तर म्हणायचे, "येतो जरा फिरून."

एक दिवस ऑफिसात फोन आला. सिद्धेश्वर धरणात जाळं टाकणारा एक ओळखीचा माणूस होता.

"तुमचे गुरुजी इथं चिखलात बसून राहिले. लोकं हसून राहिले. येऊन बघा."

मी मोटरसायकल काढली.

धरणाचं पाणी बरंच मागं सरलं होतं. भेगाळलेल्या गाळावर बाबा गुडघ्यांवर बसले होते. त्यांच्यासमोर ओल्या गाळाची एक बाई कुशीवर झोपलेली होती, खऱ्या माणसाएवढी. केसांना वाळलेला लव्हाळा, पदराच्या काठाला शिंपल्यांची ओळ. हाताची उशी करून झोपायची आईची सवय मी लगेच ओळखली. तोंडाच्या जागी मात्र नुसता गुळगुळीत गोळा होता.

मला लाज वाटली. "बाबा, हे काहून? घरी कागदावर काढा ना."

त्यांनी हात पुढं केला. बोटं थरथरत होती. "पेन्सिल धरवत न्हाई आता. गाळ धरवतो." मग थांबून म्हणाले, "तिनं एकदा म्हणलं व्हतं, माझं चित्र काढा. मी म्हणलो, काढू सवडीनं."

मी खाली बसलो.

"तिच्या भुवईवर वण व्हता," त्यांनी विचारलं, "डाव्या का उजव्या?"

मला आठवेना. मोबाइलमधले फोटो एकेक करून पाहिले. लग्नात, बारशात, सगळीकडं ती कडेला उभी होती. कुठं डोक्यावरचा पदर पुढं आलेला, कुठं चेहरा अर्धाच आलेला. वण एकाही फोटोत दिसला नाही. मावशीला फोन करू का म्हणालो.

"नको," ते म्हणाले. "आपल्यालाच ठावं असायला पायजे व्हतं."

दुसऱ्या दिवशी मीही गेलो. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. ते आवाज न करता चढत होतं. आधी पाय विरघळले, मग पदर सुटला, शिंपले एकेक करून निसटले. बाबांनी एकदा ओंजळीनं खांद्याला गाळ लावून पाहिला, तोही गेला. घोट्यापर्यंत पाणी आल्यावर मी त्यांना दंडाला धरून मागं ओढलं. तेव्हा ते रडले, मोठ्यानं. जाळंवाला उठून दूर गेला.

पुढच्या उन्हाळ्यात मी स्वतःहून म्हणालो, "चला, मी नेतो."

"कशाला?" ते म्हणाले. "आता तर तिचा हातबी आठवत न्हाई."

मी पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको, अजून कळत नाही.