साळवेकरांचं माप

संजय साळवेकरांनी मोजलेलं कुणी पुन्हा मोजत नसे. हडपसरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं ते माल तपासायला होते. केसाएवढा फरक दिसला की मालावर लाल खूण पडायची, मग समोर मॅनेजर असो की मॅनेजरचा बाप. लोक मागून शिव्या घालत, पण 'साळवेकरांनी सोडला' म्हटलं की डोळे मिटून ट्रक भरत. वारज्यातल्या त्यांच्या सोसायटीतही तीच तऱ्हा. कुणाचे पडदे शिवायचे असोत, कुणाचा फ्रिज जिन्यातून न्यायचा असो, साळवेकरांना टेपसकट बोलावणं यायचं. असा माणूस खोटं माप सांगेल असं कुणाला वाटलं नसतं. पण सांगितलं खरं, आणि तेही कुणाला, तर स्वतःच्या बायकोला.

नम्रताताईंच्या पाठीच्या कण्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, गाठ गेली आणि जाताना पाय घेऊन गेली. त्याला आता चार वर्षं झाली. पहिलं वर्ष त्या भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. मग एक दिवस म्हणाल्या, "खुर्ची आणा. आणि चांगली आणा, मला मिरवायचंय." व्हीलचेअर आली. तिच्या चाकांना बाहेरून स्टीलच्या कड्या असतात, त्या हातांनी फिरवल्या की खुर्ची चालते. तळहातांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. पण सहा महिन्यांत बाई एकट्या लिफ्टने उतरून फाटकापर्यंत भाजीला जायला लागल्या. मागून कुणी हात लावलाच तर म्हणायच्या, "ड्रायव्हर आहे मला. मीच आहे."

मुलगा आमोद नेदरलँड्समध्ये. त्याला मुलगी झाली आणि त्याने दोघांना तीन महिन्यांसाठी बोलावलं. साळवेकरांनी लगेच नवी वही घातली. विमानात आतल्या अरुंद खुर्चीवर कोण बसवणार, आपली खुर्ची सामानात मोडणार तर नाही, नऊ तासांत बाथरूमचं काय, म्हणून पाणी किती वाजल्यापासून कमी करायचं, बसून बसून कातडी सोलवटू नये म्हणून कुठली गादी घ्यायची, विम्याच्या कागदावर 'चालू शकतात का' समोर काय लिहायचं, सगळं त्यांनी टिपलं. विमान कंपनीच्या पोरीला त्यांनी इतके फोन केले की ती आवाजावरून ओळखू लागली. यातलं काहीही खोटं नव्हतं. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

एका रविवारी दुपारी त्यांच्या सुनेनं, अपूर्वानं, व्हिडिओ कॉलवर तिकडच्या बाथरूमचं दार मोजून दाखवलं. सहासष्ट सेंटिमीटर. इकडची खुर्ची त्रेसष्ट. म्हणजे जात होती की. फोन ठेवला तोच स्वयंपाकघरातून नम्रताताईंनी विचारलं, "किती आलं हो?"

"साठ," साळवेकर म्हणाले.

सज्जन माणसं खोटं फार बेमालूम बोलतात. सवय नसते, म्हणून कुणाला संशयच येत नाही. त्या सकाळी तिला पलंगावरून उचलताना त्यांची कंबर धरली होती. चार वर्षं रोज सहा वेळा उचलायचं, वळवायचं, बसवायचं. नव्वद दिवस आपण एकटेच गेलो तर? हात मोकळे सोडून नातीच्या बाबागाडीमागे चालायचं, बस्स. विचार मनात आला काय आणि जिभेवाटे बाहेर पडला काय. त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच घटकेला स्वतःची किळस आली.

नम्रताताईंनी टेप मागितली नाही. त्यांचं माप कशाला पुन्हा मोजायचं? थोडा वेळ त्या भाजी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. माझ्यापाशी बहीण येऊन राहील. आणि आमोदला दाराचं सांगू नका हं, उगाच घर बदलत बसेल."

हवं होतं तेच मिळालं, आणि तेच खुपायला लागलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. ती शेजारणीशी हसली तरी यांना वाटे, कळलं की काय. आज सांगतो, उद्या सांगतो करत बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी साळवेकर व्हिसाचे फोटो काढून परतले, तर नम्रताताई हॉलमध्ये वाट बघत बसलेल्या. चेहरा फुललेला. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"टेप आणा. खुर्ची मोजा."

साळवेकर गुडघ्यावर बसले. टेप लावली. एकोणसाठ. मग त्यांना दिसलं, दोन्ही चाकांच्या कड्या नव्हत्या.

"चौकातल्या सायकलवाल्या रावसाहेबांना वर बोलावलं होतं," त्या म्हणाल्या. "नट गंजले होते, कापूनच काढल्या. परत नाही बसायच्या म्हणाले. म्हटलं, नकोतच. आता जाते ना साठमध्ये?"

"अगं, पण तू खुर्ची चालवणार कशी?"

"तुम्ही आहात की ढकलायला. नातीला बघायचं म्हटल्यावर एवढं चालतं." त्यांनी मांडीवरचा कागद सोडला. आत कड्यांचे तुकडे होते, हाताने घासून घासून चकचकीत झालेले.

साळवेकरांनी टेप गुंडाळून ठेवली. जमिनीकडे बघतच ते म्हणाले, "दार सहासष्ट आहे."

"काय?"

"सहासष्ट आहे. पहिल्यापासून. मी तुला खोटं सांगितलं. मला एकट्याला जायचं होतं."

नम्रताताईंचे हात सवयीने चाकांकडे गेले, त्यांना तिथून निघून जायचं होतं. बोटं नुसत्या टायरवर घसरली. खुर्ची वीतभरही हलली नाही.

"सुट्टी हवी होती, तर अर्ज करायचा," त्या म्हणाल्या. "मी मंजूर केली असती."

साळवेकर रडत होते. नम्रताताईंनी तिकडे पाहिलं नाही.

"फोन द्या तो. आणि मला खिडकीपाशी न्या. आता तुम्हालाच न्यावं लागणार."

त्यांनी ढकललं. खिडकीपाशी नम्रताताईंनी आमोदला फोन लावला. आवाज नेहमीचा, जरा कोरडा.

"आमोद, मी येतेय. अपूर्वाला म्हणावं, बाथरूमचं दार एकदा मोजून मला कळव." पलीकडून काहीतरी विचारणा झाली असावी. "हो रे, बाबांनी लिहून घेतलंय. तरी तिला पुन्हा मोजू दे."