जळराख्याचं नाव

भुताखेतांच्या गोष्टी मी आवडीने वाचतो. पण पुस्तक मिटलं की त्या आतच राहतात, बाहेर येत नाहीत, असाच माझा अनुभव. शहाद्याच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. तरी जे घडलं ते जसंच्या तसं सांगतो.

माझी धाकटी बहीण नयना गेल्या हिवाळ्यात आजारपणात गेली.

म्हसावदच्या आमच्या घराच्या ओट्यावर ती एक खेळ चालवायची — फँटसी रोल-प्लेइंग गेम. शिकली पुण्यात, पण चालवायची निम्मा अहिराणीत. त्यात एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपण काय करतो ते बोलून दाखवतात. जमलं की नाही, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. खेळणारे आम्ही तिघं. तिची मैत्रीण सरिता, डोंगरातल्या काठी गावाकडची, इथे नर्स आहे, ती तिरंदाज. मेडिकलवाला पवन, तो पहिलवान. आणि मी लेखनिक, कारण तलवार माझ्या हातात शोभणार नाही असं नयनाचं मत होतं. "दादा, तू चष्मा पुसशी तवलोंग राक्षस म्हातारा हुई जाई," म्हणायची.

नर्मदेच्या धरणात बुडालेल्या मणिबेलीला बोटीने जाऊन आल्यावर तिने एक बुडालेलं राज्य रचलं. काय रचलं होतं! पाण्याखालच्या चिंचेवर मासे घरटी करतात, देवळाची घंटा लाटेने वाजते... मी आयुष्यभर पुस्तकांत राहिलो, पण इतकं खरं गाव फार थोड्या पुस्तकांत पाहिलं. त्या राज्याच्या दाराशी जळराखा उभा. पाण्याचंच शरीर असलेला पहारेकरी. बाण त्याच्या आरपार जातो, तलवार ओली होऊन बाहेर येते. तो ज्याला शिवतो त्याला आपल्या एका माणसाचं नाव विसरायला होतं. सगळी नावं संपली की तो माणूसही पाणी होतो. पवनचा पहिलवान असाच गेला. लढाई तिथेच थांबली, कारण नयना दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही.

तिचा एक कडक नियम होता. सगळे मेले की गोष्ट बंद, ते राज्य परत उघडायचं नाही. माझ्यासाठी तिचा आवाज त्या एकाच जागी उरला होता. म्हणून मी लढाई टाळत होतो. पवनच म्हणाला, "दादा, तिने मला दवाखान्यात शेवट सांगितलाय. खोलीत आम्ही दोघंच होतो. आखाजीला खेळून टाकू. ती असती तर शिव्या घातल्या असत्या."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे दुपारी गल्लोगल्ली पत्ते रंगतात, त्यामुळे फासे टाकायला कुणाची हरकत नव्हती. पण सकाळ जड गेली. आखाजीच्या सकाळी आई उंबरठा धुऊन त्यावर कुंकवाचं बोट उमटवते, घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाचं नाव घेऊन एकेक. आजोबा, आजी, मोठे काका, वडील... आणि मग ती थांबली. नयना गेल्यापासून आईने तिचं नाव एकदाही उच्चारलेलं नव्हतं. बोट कुंकवात, ओठ हलताहेत, आवाज नाही. आणि मग एकदम म्हणाली, "धुडकू." बोट उमटवलं आणि उठली.

"आई, हाऊ कोन्ता धुडकू?"

"काय म्हाईत, भाऊ. तोंडमा उनं."

"आपला घरमा तर कोनी धुडकू नही."

"नही ना," असं म्हणून ती खापरावरचे मांडे बघायला आत गेली. नाव नुसतं तोंडात आलं, एवढंच तिचं म्हणणं.

दुपारी पवन नयनाच्या जागी बसला. पुठ्ठ्याच्या आडोशामागे तिचा निळा फासा. सरिताने पहिला बाण सोडला.

"गेला आरपार," पवन म्हणाला.

"मग मी बाणाला आग लावते."

"पाण्याला आग लावते? सिस्टर, तू पेशंटला पण अशीच औषधं देते का?"

सरिता हसली, पण फासा वाईट पडला. जळराख्याने तिला शिवलं. मग पुन्हा. तिची तिरंदाज आईचं नाव विसरली, भावाचं विसरली, शेवटी स्वतःचं. पवनने सांगितलं, "ती पाण्यात मिसळली." सरिताने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "दादा, आता तूच."

मी पाण्याला बांध घालून पाहिला. मंत्र वाचून पाहिला. प्रत्येक वेळी फासा उलटा, प्रत्येक वेळी एक नाव गेलं. माझ्या लेखनिकाकडे एकच नाव उरलं होतं. जळराखा हात पुढे करत होता. पवनने विचारलं, "दादा, शेवटची खेळी. काय करतोस?"

नजर खाली गेली. मी दाराजवळ बसलो होतो, उंबरठा समोरच. कुंकवाच्या बोटांची ओळ, आणि शेवटी ते एक जास्तीचं बोट.

का म्हणालो, माहीत नाही. "मी लढत नाही. मी त्याला हाक मारतो. धुडकू."

पवनने फासा खाली ठेवला. म्हणाला, "कोनी सांगं तुले?"

मग त्याने नयनाने सांगितलेला शेवट सांगितला. जळराख्याच्या आईची आधीची मुलं जगली नव्हती. म्हणून तिने याचं नाव धुडकू ठेवलं, धुडकू म्हणजे चिंधी. मरणाची नजर जाऊ नये म्हणून आपल्याकडे ठेवायचे तसं. आणि मरणाने त्याला खरंच ओळखलं नाही. पाणी आलं, सगळे गेले, हा दारात उभाच राहिला. वाट बघत, स्वतःचं नाव विसरून. त्याला मारायचं नव्हतंच. कुणीतरी नावाने हाक मारली की तो सुटणार होता, आणि त्याने गिळलेली सगळी माणसं परत येणार होती. म्हणजे राज्यही उघडंच राहिलं.

असा राक्षस कोण रचतं! तेही दवाखान्याच्या खाटेवर पडून.

मी नंतर सगळ्या शंका काढल्या. आईने दवाखान्यात ऐकलं असेल? ती तेव्हा चहा आणायला खाली गेली होती, असं पवन शपथेवर सांगतो. धुडकू हे जुन्या पिढीत खूप असलेलं नाव, योगायोग असेल? असेल. पण त्याच सकाळी, त्याच उंबरठ्यावर, नेमकं नयनाच्या नावाच्या जागी?

आई खरबुजाच्या फोडी घेऊन दारात कधी येऊन उभी राहिली, आम्हाला कळलं नव्हतं. तिने सगळं ऐकलं होतं. ताट ओट्यावर ठेवून ती उंबरठ्याशी बसली. कुंकवाची वाटी सकाळपासून कोपऱ्यात तशीच होती. त्यात बोट बुडवलं, धुडकूच्या शेजारी टेकवलं आणि स्पष्ट, मोठ्याने म्हणाली, "नयना."

मग आमच्याकडे बघून म्हणाली, "फोडी खाई ल्या. कोमट हुई ऱ्हायन्यात."

संध्याकाळी मी विचारलं, पुढच्या आखाजीला धुडकूचं बोट उमटवायचं का? आईला प्रश्नाचंच नवल वाटलं.

"उमटाडनंच पडी ना. आते तो बी घरनाच शे."