डेलियाची पेटी

कतारमधल्या दुखानच्या तेल कंपनीत मी कोल्ड स्टोअरचा कारकून होतो. एका साहेबाची गोरी मडम दर उन्हाळ्यात डेलियाच्या फुलझाडांचे कंद वाळूच्या पेटीत घालून आणायची आणि बटाट्यांशेजारी ठेवायला लावायची.

"विलायतेत यांना थंडीपासून लपवायचं, इथे उन्हापासून," ती म्हणायची. "माझं लपवणं काही सुटत नाही."

एका ऑगस्टात स्टोअर थंड ठेवणारं मशीन बंद पडलं. मटण फेकावं लागलं. पेटी मी पाण्याच्या माठांमागे सरकवली आणि मडमेला निरोप धाडला.

ती धावत आली. आम्ही रत्नागिरीकर हापूस चाचपतो, तसा तिने एकेक कंद दाबून पाहिला.

"खलास, मॅडम?"

"नाही. सगळे घट्ट आहेत," म्हणत ती बटाट्याच्या पोत्यावर बसली आणि हसायला लागली.

मडमेसमोर मी कधी बसलो नव्हतो. तेव्हा मात्र बसलो.