बांधावरचा माऊस

"आरं थांब! थांब म्हंतो न्हवं? पडशील खाली!"

बारामती एमआयडीसीतल्या आमच्या दूध डेअरीत हा आरडाओरडा ऐकून आम्ही चौघे कारकून धावलो. वाटलं, कुणीतरी दुधाच्या टाकीच्या काठावर चढलंय. आत पाहतो तर बाबूतात्या एकटेच, टेबलाच्या कडेवरून लोंबकळणाऱ्या माऊसला दम देत होते.

बाबूतात्या म्हणजे डेअरीचे पहिले कॉम्प्युटर ऑपरेटर. घराणं शेळगावचं, मेंढरं राखणारं. गळा असा, की तात्या बारामतीत खाकरले तर इंदापुरातली कुत्री भुंकायची. काळ्या पडद्याच्या जुन्या मशीनवर ते राजे होते. चपला बाहेर काढून आत यायचे, कमांड आधी खणखणीत आवाजात बोलायचे, मग दोन बोटांनी टाइप करायचे. शे-दीडशे कमांडी तोंडपाठ. "हुकूम सोडायचा आन् च्या प्यायचा," म्हणायचे.

मग माऊसनं चालणारं, चित्रांचं नवं मशीन आलं आणि राज्य खालसा झालं. "पयला गडी नुसतं सांगितलं की कामाला लागायचा. ह्याला बोट धरून दारापतूर न्यावं लागतंय!"

त्यात टेबलावर फायलींचे ढीग, मोकळी जागा वीतभर. बाण पडद्याच्या मध्यावर पोचेपर्यंत माऊस टेबलाच्या कडेला. तात्यांनी दोन टेबलं जोडली, तर वायर पुरेना. पुरती तर त्यांनी माऊस शेळगावापर्यंत हाकला असता.

शेवटी साहेबांनी बजावलं, "सोमवारी माझ्यासमोर टँकरची यादी छापून दाखवा. नाही जमलं तर कॅन धुवायला जा." छापायचं बटण नेमकं पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात! तात्यांचं जेवण सुटलं. शनिवारी डबाही घरीच विसरले, म्हणून हिराकाकू तो घेऊन आल्या. दारात उभं राहून त्यांनी नवऱ्याची झटापट घटकाभर पाहिली.

"कोकरू बांधावर गेलं तर काय करता वो?"

"उचलून माघारी आनतो."

"मग ह्यालाबी उचला की. वरडताय कशापायी?"

तात्यांनी माऊस उचलला, मागं ठेवला, पुन्हा ढकलला. बाण थांबला होता तिथूनच पुढं निघाला! तात्यांनी डब्यातल्या चारही भाकरी उभ्याउभ्या संपवल्या, वर माझी चपाती.

सोमवारी साहेब पाठीशी उभे. तात्या "हुर्रऽ, हुर्रऽ" करत माऊस हाकताहेत, कडेला आला की अलगद उचलून माघारी आणताहेत. तिसऱ्या खेपेला बाण कोपऱ्यात. टिक! प्रिंटर असा किंचाळला, की गेटवरचा वॉचमन शिट्टी फुंकत आला.

साहेब चाट पडले. "इतक्यात जमलं? तात्या, कुठल्या क्लासला गेला होता?"

"क्लास न्हाय साहेब," तात्या प्रिंटरमधून यादीचा कागद फाडून घेत म्हणाले, "बायको डबा घिऊन आलती."