वाडीतलं लाल रीडिंग

"रेंज तर फुल दावतंय. मग फोन का तुटतुया?" पार्वतामावशींनी मोबाईल माझ्यासमोर धरला.

पालीच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, मोबाईल नेटवर्क तपासणाऱ्या एका कंत्राटदाराकडे इंटर्न. गाडीतून फिरत सिग्नल किती स्वच्छ येतो ते मोजायचं, याला ड्राइव्ह टेस्ट म्हणतात. नकाशावर चांगली जागा हिरवी उमटते, वाईट लाल. खालचा रस्ता सगळा हिरवा आला होता. पण तक्रार वाडीची होती आणि गाडी तिथवर जात नाही. ड्रायव्हर शकीलभाईंना खाली थांबवून मी चढून आले.

"धनी दिसभर भातात असत्यात," मावशी म्हणाल्या. "कदी काय झालं तर कुनाला हाक मारू?"

पडवीत मोजलं. लाल.

फोर-जीमध्ये माहिती एका जाड धारेनं जात नाही. शेकडो बारीक कॅरिअरवर, म्हणजे वेगवेगळ्या लहरींवर वाटून, तुकड्यातुकड्यानं जाते. डोंगरावर आपटून येणारा सिग्नल उशिरा पोहोचतो. त्याला सामावून घ्यायला प्रत्येक तुकड्याआधी किंचित वेळ राखलेला असतो. इथं टॉवर आणि वाडीच्या मध्ये डोंगराची सोंड होती. थेट सिग्नल येतच नव्हता, दोन डोंगरांवरून परतलेलेच येत होते. त्यातला लांबचा त्या राखीव वेळेच्याही नंतर येत असावा. मग एक तुकडा दुसऱ्यावर चढतो. ताकद भरपूर, पण शब्द कळत नाहीत. आणि स्क्रीनवरच्या कांड्या फक्त ताकद दाखवतात.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. तरी खात्री नव्हती. रस्त्यावर उतरून कंत्राटदाराच्या ऑफिसातल्या माझ्या सरांना फोन केला.

"एकच पॉईंट ना? तोही रस्त्याबाहेरचा?"

"हो सर. पण मला वाटतं, लांबच्या डोंगराचा सिग्नल..."

"वाटतं की मोजलंयस?"

"अजून नाही. वॉक टेस्ट करू या, वाडीभर पायी फिरून मोजलं, तर कळेल..."

"या तक्रारीचं तिकीट आज बंद करायचंय. रिपोर्ट रस्त्याचा जातो. तो पॉईंट काढ."

मी काढला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सरांपुढे दुसऱ्यांदा तोंड उघडायचं धाडस झालं नाही.

"काय मॅडम," शकीलभाई गाडी वळवत म्हणाले, "एवढा डोंगर चढून एक ठिपका आणला, तोही पुसलात?"

मी हसले होते.

तीन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. "त्या मावशींचे मालक गेले. भातात पान लागलं." साप चावला, याला आमच्याकडे असं म्हणतात.

भर दुपारची गोष्ट. मावशींनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. तीनदा लागला, तीनदा तुटला. समोरच्याला गावाचं नावही नीट ऐकू गेलं नाही. शेवटी त्यांचे दीर पळत रस्त्यावर उतरले. तिथून पहिल्याच फोनला काम झालं. पण दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. लवकर आणलं असतं तर वाचले असते का, ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. या वाक्याचा आधार घ्यायचा मी खूप प्रयत्न केला.

काढलेला पॉईंट, माझी शंका आणि घडलेलं सगळं मी सरांना लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही. वॉक टेस्ट मात्र झाली. सगळी वाडी लाल निघाली. पावसाळ्यानंतर सोंडेच्या अलीकडे, वाडीच्या बाजूला छोटी अँटेना बसली.

मोजायला मलाच पाठवलं. पडवीत आता हिरवं होतं. मावशी तांदूळ निवडत होत्या.

"त्या दिशी तुज्या मशिनीत लाल आलं हुतं नव्हं?"

"आलं होतं."

"मंग?"

"मी काढून टाकलं, मावशी. सरांनी सांगितलं म्हणून."

"तुला म्हाईत हुतं, का न्हाई?"

"थोडं."

"थोडं," त्या म्हणाल्या, आणि सूप उचलून आत गेल्या. मी थोडा वेळ थांबले. त्या बाहेर आल्या नाहीत.

नव्या रिपोर्टात रस्त्याची सरासरी जवळपास आधीइतकीच आहे. वाडीच्या अँटेनेनं तिथं काहीच बदललेलं दिसत नाही.

आता मी मोजलेला पॉईंट काढत नाही. कोणी काढायला सांगितलं, तर ते सहीनिशी लिहून मागते. आजवर कोणी दिलेलं नाही.