निमगाव सावात लागलेली समाधी

नारायणगावला एसटीतून उतरलो तेव्हा शालनवहिनींच्या, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या, काखेत घडीची खुर्ची होती. "गुडघे तुलाही आहेत," त्या म्हणाल्या. मी मात्र नवऱ्याला सांगून आले होते, ध्यानशिबिराच्या शेवटच्या सकाळची तासाभराची बैठक मांडी न हलवता पुरी करणार. तो हसला होता. तेवढं मला पुरेसं होतं.

निमगाव सावाचं ध्यानकेंद्र म्हणजे उसाला लागून एक पत्र्याची शेड. शेजारच्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवलेल्या. आत सगळे गप्प झाले की त्या बोलायला लागत. जेवायला मासवडी असे. नाव मासळीचं, सारण तीळ-खोबऱ्याचं. ती खाण्यापुरती माझी एकाग्रता उत्तम होती. बाकी वेळी गुरुजी श्वासाकडे लक्ष द्या म्हणत आणि माझं लक्ष उजव्या गुडघ्यात. बुडाखाली उशी, घोट्याखाली शाल, गुडघ्याखाली चादर. तरी कळ जागा बदलायची, जायची नाही.

शेवटच्या सकाळी मी हलले नाही. आधी पाय दुखले, मग जळले, मग नाहीसेच झाले. घंटा वाजली, लोक उठले. मला उठता येईना. लाजेने डोळे मिटूनच बसले.

प्रसाद घेऊन स्वयंपाकघरातल्या बायका आत आल्या.

"अगं हौसा, ह्या ताईंची समाधी लागली जणू!"

"मोडू नगं. आधी पाया पड."

खुर्चीतून शालनवहिनींचा आवाज आला, "पडा, पडा. दोन्ही पायांना नीट हात लावा."

हौसाबाईंचा हात तळव्याला लागला आणि हजार मुंग्या एकदम चावल्या. मी अशी किंचाळले की शेजारी मेंढ्या उठल्या.

"आई आली अंगात!" कुणीतरी हळद-कुंकवाला धावलं. हौसाबाईंनी हात जोडले. "आई, आमच्या बोअरला पाणी लागंल का?"

"आधी मला उठवा," मी म्हणाले, "मग बघू."

दोघींनी बखोट्याला धरून उभं केलं.

परतताना नारायणगावच्या स्टँडवर एसटीचा पत्ता नव्हता. वहिनींनी खुर्ची उघडून माझ्यापुढे ठेवली. मी बसले.

घरी नवऱ्याने पहिलं तेच विचारलं, "हललीस?"

"घंटेपर्यंत नाही."

ते खरं आहे. पुढच्या खेपेला मात्र खुर्ची मी माझी नेणार आहे. शिवाय आता हौसाबाईंच्या बोअरचीही काळजी लागली आहे.