झिरो आणि सव्वादोन इंच

आमच्या वर्गात त्याला सगळे झिरो म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. मार्कांवरून पडलेलं नाव नव्हतं ते. लेव्हलिंगच्या प्रॅक्टिकलला एका ठरलेल्या जागेपासून उंची मोजत निघायचं आणि फिरून त्याच जागी परत यायचं असतं. परत आल्यावर आकडा तोच यायला हवा, पण वारा, ऊन आणि माणसाचा डोळा मिळून चार-पाच मिलिमीटरचा फरक पाडतातच. तेवढा चालतो. झिरोचा फरक मात्र कायम शून्य. तो कधी निघायचाच नाही, तर चुकणार कुठे?

सायकल स्टँडच्या सावलीत मागच्या वर्षीची वही मांडीवर घेऊन तो बसायचा. आधी उत्तर लिहायचा, मग त्याला शोभतील अशी रीडिंग उलटीकडून तयार करायचा. शेवटी चिमूटभर माती घेऊन पानावर चोळायची आणि कोपऱ्यावर चहाचा एक थेंब टाकायचा, उन्हात उभं राहून लिहिल्यासारखं दिसावं म्हणून. याला तो फिनिशिंग म्हणायचा. चार वर्षांच्या सिव्हिल आणि पर्यावरण अभियांत्रिकीत त्याने मन लावून केलेलं हे एकमेव काम.

त्या वर्षीचं काम साधं होतं. ऑफिसच्या इमारतीची वरची पायरी म्हणजे आमचा बेंचमार्क. तिची उंची १००.००० मीटर धरायची आणि मैदानापलीकडच्या पाण्याच्या टाकीचा ओटा किती उंचीवर आहे ते काढायचं. याच उंच्यांवरून पुढच्या सत्रात सांडपाण्याच्या नळीचा उतार ठरवायचा होता. माझ्या गटातले दोघे झिरोच्या सावलीत जाऊन बसले. मी आणि माझी मैत्रीण उरलो. ती आकड्यांची उंच पट्टी धरायची, मी तिवईवरच्या दुर्बिणीतून वाचायचे.

"मॅडम, टाकी काय पळून जाणारे?" झिरो सावलीतून ओरडला. "या, बसा. तयार माल आहे."

आमचा फरक आला चार मिलिमीटर. चांगला होता. पण ओट्याची उंची आली ९८.५८४, आणि सरांच्या खणातल्या पिवळ्या पडलेल्या कागदावर होती ९८.६४०.

"छप्पन्न मिलिमीटर!" सर म्हणाले. "अगं, अख्ख्या वर्गाचं बरोबर आलंय. अडतीस वह्यांवर सह्या केल्या मी. शुक्रवारपर्यंत नीट करून आण, नाहीतर सही नाही."

सही नाही म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही. वर्ष गेलं की फीची सवलत गेली, आणि सवलत गेली की माझं कॉलेज संपलं. हे सरांना ठाऊक होतं. झिरोलाही ठाऊक होतं. त्याने लगेच एक पान फाडून पुढे केलं. "उतरवून काढ. दहा मिनिटांचं काम. माझे काका बांधकाम खात्यात आहेत, ते सांगतात, दुर्बिणीला डोळा लावायला माणसं मिळतात. साहेबाला सही आली म्हणजे झालं."

मी पान घेतलं नाही. पुन्हा मोजलं. ९८.५८३ आलं. त्या संध्याकाळी घरी मी रडकुंडीला आले होते. माझे बाबा गवंडी. ते हातपाय धुऊन बसले होते.

"कुठली पायरी म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"ऑफिसची. सगळ्यात वरची."

"मग बरोबरच आहे की तुझं. सुट्टीत मीच फरशी टाकली तिथं. जुनी फोडायला नको म्हणाले, तिच्यावरच बसवली. दीड इंच मसाला, पाऊण इंच फरशी. सव्वादोन इंच वर आली पायरी."

सव्वादोन इंच म्हणजे सत्तावन्न मिलिमीटर. पायरी तेवढी वर गेली, म्हणून तिच्यावरून मोजलेला ओटा तेवढाच खाली येत होता. बाबा सुट्टीत कॉलेजात कामाला होते हे मला माहीत होतं. कुठे, ते मी कधी विचारलं नव्हतं. लाज वाटायची, दुसरं काय.

शुक्रवारी मी सरांना पायरीपाशी नेलं. बाजूने खालची जुनी फरशी, मधला थर आणि वरची नवी फरशी स्वच्छ दिसत होती. मी पट्टी लावली. सर वाकले आणि पट्टीवरचा आकडा वाचला. अडतीस जणांनी बदललेल्या पायरीवरून जुनंच उत्तर काढलं होतं, म्हणजे एकानेही दुर्बीण लावली नव्हती, आणि सरांनी सगळ्यांवर सह्या केल्या होत्या. मला वाटलं, आता काहीतरी होणार.

झालंही. दुपारी फळ्यावर सूचना लागली: पायरीची उंची यापुढे १००.०५७ धरावी.

"आता तुझं किती येतं?" सरांनी विचारलं.

"पहिल्या मोजणीचं ९८.६४१, सर."

"बघ, जमलं ना? मग एवढा गोंधळ कशाला घातलास?" त्यांनी सही केली. फरक चार मिलिमीटर आला म्हणून दहापैकी सात.

माझ्या मागे झिरो वही घेऊन उभा होता. पहिल्या ओळीतलं १००.००० खोडून त्याने १००.०५७ केलं होतं. खालच्या एकाही आकड्याला हात लावला नव्हता. पहिली बेरीजच चुकत होती. शाळेतल्या पोराने पकडली असती. उत्तर तेच, ९८.६४०. फरक शून्य. सरांनी पान उलटलंसुद्धा नाही, दहा दिले.

"बघितलंस?" बाहेर येताना झिरो म्हणाला. "माझं उत्तर आधीपासून बरोबरच होतं."

मग तो पायरीवर, बाबांनी बसवलेल्या फरशीवरच टेकला आणि कुंडीतली चिमूटभर माती घेऊन ताज्या शाईच्या सत्तावन्नवर चोळू लागला.